अकरा निळ्या करंगळ्या

बुधवारी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी नाकाड्याच्या पडद्यावर पुन्हा शून्य उमटलं, आणि उन्नती सपकाळेनं त्याला एक सणसणीत चापट मारली. चापट मारून यंत्राचा आकडा बदलत नाही, हे दहावीतल्या मुलीला कळतंच. पण काही गोष्टी कळत असूनही केल्याशिवाय राहवत नाही.

शून्य. सलग सातव्या दिवशी शून्य.

नाकाड्या म्हणजे शाळेच्या मागच्या भिंतीला टेकून उभा असलेला करड्या रंगाचा कपाटाएवढा डबा. सरकारी कागदावर त्याचं नाव 'मैलापाणी जनुकवाचक' असं भारदस्त होतं. पण त्याची लांब नळी सोंडेसारखी वाकून गावाच्या मोठ्या गटारात बुडालेली असायची. असलं ध्यान बघून केळझरीच्या पोरांनी त्याला दुसरं कोणतं नाव दिलं असतं? केळझरीच्या आठही गल्ल्यांचं सांडपाणी या गटाराला मिळायचं. नाकाड्या रोज पहाटे त्यातलं बादलीभर ओढायचा, त्यातले विषाणू गाळून घ्यायचा, त्यांच्या पोटातला आरएनए नावाचा नाजूक धागा वाचायचा आणि सात वाजता सांगायचा, गावाच्या आतड्यांत काय चाललंय ते. वर्गात बढाया मारणारे पुष्कळ होते, नाकाड्याची जाळी साफ करायला मात्र कुणीच पुढे येत नव्हतं. गेल्या वर्षापर्यंत हात वर करायलाही घाबरणाऱ्या उन्नतीनं या जूनमध्ये एकदम दोन्ही हात वर केले आणि म्हणाली, "मी करते. नाक दाबायला चिमटा द्या फक्त."

आणि आता हा शहाणा तिच्याच आईला खोटं पाडत होता.

भानगड अशी होती. २०४१ सालापर्यंत पोलिओ जगातून जवळजवळ गेला होता. तोंडात द्यायचे थेंब बंद होऊनही बरीच वर्षं झाली होती. बाळांना फक्त इंजेक्शन मिळायचं. इंजेक्शन पाय वाचवतं, लकवा होऊ देत नाही. पण आतड्याच्या दारावर ते पहारा बसवत नाही, त्यामुळे विषाणू एका पोटातून दुसऱ्या पोटात गुपचूप फिरू शकतो. थेंबांचं तसं नाही. त्यांच्यात जिवंत, पण दात काढलेला विषाणू असतो. तो काही आठवडे आतड्यात राहतो, तिथल्या पहारेकऱ्यांना तालीम देतो आणि बाळाच्या शीमधून बाहेर पडतो. गंमत या बाहेर पडण्यातच आहे आणि धोकाही त्यातच. गावातल्या अर्ध्याच पोरांना थेंब मिळाले, तर हा बिनदातांचा विषाणू उरलेल्या अर्ध्यांत महिनोन्‌महिने भटकतो, बदलत बदलत जातो आणि कधीतरी त्याला पुन्हा दात फुटतात. म्हणून तर जुने थेंब बंद केले होते.

गेल्या पावसाळ्यात नदीच्या वरच्या अंगाच्या शहरात, सांडपाण्यात असाच दात फुटलेला विषाणू सापडला. मग नवे थेंब आले. यांच्यातल्या विषाणूच्या धाग्याला तीन ठिकाणी कुलपं लावलेली होती, सहजासहजी दात फुटू नयेत म्हणून. शिवाय नाकाड्याला लगेच ओळखू यावी अशी एक खूणही होती. दहा दिवसांपूर्वी, रविवारी, केळझरीत हे थेंब देऊन झाले. दोनशे बारा बाळं. देणारी एकटी आशाताई, रत्नप्रभा सपकाळे. उन्नतीची आई.

दोनशे बारा बाळांनी थेंब घेतले असतील, तर गटारात ती खूण लाखांनी हवी. आणि इथे शून्य.

*

दुपारी आरोग्य उपकेंद्रात जिल्ह्याच्या लसीकरण अधिकारी बोंडेमॅडम आल्या. खुर्चीत बसायच्या आधीच त्यांनी टॅब टेबलावर ठेवला. त्यावर करंगळ्याच करंगळ्या. थेंब दिले की बाळाच्या डाव्या करंगळीच्या नखावर निळी शाई लावायची आणि फोटो काढायचा, ही पद्धत.

"रत्नप्रभाताई, या दोनशे बारा करंगळ्या. सगळ्या निळ्या," बोंडेमॅडम म्हणाल्या. "आणि गटारात काही नाही. आता खरं कोण बोलतंय, करंगळ्या की गटार?"

"थेंब खराब झाले असतील तर?" डॉक्टर तडवी म्हणाले. हे केळझरीत नवे होते, चारच महिन्यांपूर्वी आलेले. बोलताना सारखा चष्मा पुसायचे.

"बाटलीवरचा ठिपका बघितला मी. लस तापली की तो काळवंडतो. एकही काळवंडलेला नाही. थेंब जिवंत होते, डॉक्टर. प्रश्न एवढाच, की ते गेले कुठे?"

"बाळांच्या तोंडात गेले," आई म्हणाली. आवाज नेहमीसारखाच खणखणीत.

दाराआडून ऐकणाऱ्या उन्नतीच्या जिवात जीव आला. पण बोंडेमॅडमचा निकाल तयारच होता. सोमवारी चौकशी. तोवर ताईंनी घरी बसायचं. आणि दुसरी फेरी तोंडावर आलेली, ती शेजारच्या गावची आशाताई करेल.

संध्याकाळपर्यंत पिठाच्या गिरणीवर बातमी पोचलीसुद्धा. "ऐकलं का, थेंब नव्हतेच म्हणे. नुसतं पाणी." "मग पुढच्या वेळी कशाला द्यायचं पोराला? नळाचं काय वाईट आहे?" दळण घ्यायला गेलेली उन्नती ऐकत उभी राहिली, आणि तिच्या लक्षात आलं की प्रकरण आईच्या नावापुरतं उरलेलं नाही. दुसऱ्या फेरीला गावानं दारंच लावून घेतली, तर नदीच्या वरून येणाऱ्या त्या दातवाल्याला केळझरी म्हणजे मोकळं रान.

घरी आई अंगणात बसून लसीचा निळा डबा घासत होती. तो आधीच लख्ख होता.

"आई, तू दिलेस ना?"

"दिले की."

"सगळ्यांना?"

आईचा हात थांबला. "तुला माझा संशय आहे?"

उन्नतीला स्वतःचीच लाज वाटली. ती मुकाट्यानं आत गेली, कणीक मळायला घेतली आणि मळता मळता ठरवून टाकलं. सोमवारच्या आत या नाकाड्याला खरं बोलायला लावायचं. झक मारत बोलेल.

*

गुरुवारी ती सहालाच शाळेमागे हजर. सात वाजता पुन्हा शून्य. यावेळी तिनं चापट मारली नाही. ती पडदा सरकवत गेली, जिल्ह्याला न जाणाऱ्या आणि म्हणूनच कुणी न बघणाऱ्या पुढच्या पानांवर. तिसऱ्या पानावर एक ओळ होती: मिरचीचा विषाणू, शून्य.

ती ओळ तिनं दोनदा वाचली आणि मग रस्त्यावरून जाणाऱ्या म्हशीनंही वळून बघावं इतक्या मोठ्यानं ओरडली, "काय? मिरची शून्य?"

मिरचीच्या झाडाला होणारा एक साधा विषाणू असतो. माणसाला तो काही करत नाही, नुसता पोटातून आरपार प्रवास करतो. जिथे लोक मिरची खातात तिथल्या सांडपाण्यात तो असतोच, म्हणून यंत्र नीट चाललंय का हे तपासायला त्याला मोजतात. केळझरीत शेवभाजी नाकातोंडातून पाणी आल्याशिवाय पचत नाही. केळझरीत तीन वर्षांचं पोर भाकरीवर ठेचा मागतं. आणि हा शहाणा म्हणतोय की आठवडाभर गावात कुणी मिरची खाल्ली नाही?

म्हणजे थेंबांचा विषाणूच तेवढा गायब नव्हता. गटारातलं सगळंच मरत होतं.

तिनं नळी वर ओढली, जाळी काढली. जाळीवर पांढरी पापडी होती. नखानं खरवडली, बोटाला चुरचुरली. ही पांढरी भुकटी तिनं कुठे बघितली होती? कबड्डीच्या मैदानावर! सीमारेषेची फक्की!

ती धावत घरी गेली. डब्यातली चिमूटभर हळद कालवून वहीच्या कागदावर फासली, वाळवली, धावत परत आली आणि पिवळी पट्टी गटारात बुडवली. पट्टी कुंकवासारखी लाल झाली. हळदीला चुना लागला की काय होतं हे सांगायला विज्ञानाचं पुस्तक लागत नाही, आजीच्या हळदीकुंकवाच्या करंड्याचा जन्मच त्यातून झालेला असतो.

ग्रामपंचायतीचे शिपाई कमळाकरनाना ऑफिसच्या पायरीवर चहा पीत होते. बाजूला हातगाडी, गाडीवर दोन गोणी.

"नाना, गटारात चुना तुम्ही टाकता?"

"मी नाही तर काय तुझा नाकाड्या टाकतो?" नाना बशीत चहा ओतत म्हणाले. "चुना अन् टीसीएलची ब्लीचिंग पावडर. साहेब लोक येणार असले का टाकावीच लागते. रस्त्याच्या कडेनं फक्की मारायची, उरलेली गटारात. गाव कसं टकाटक दिसलं पाहिजे."

"दहा दिवसांत किती वेळा टाकली?"

नानांनी बोटं मोजली. "थेंबांच्या आदल्या दिवशी, पाहणीचे साहेब येणार होते. मग पाच-सहा दिवसांनी, गटारात काही निघत नाही म्हणून बघायला कुणी आले होते, तेव्हा. मग पुन्हा तेच बघायला दुसरे आले. अन् काल तुझ्या त्या बोंडेमॅडम."

उन्नती मटकन पायरीवर बसली. शून्य का येतंय हे बघायला साहेब येत होता, साहेब येतोय म्हणून गटारात चुना पडत होता, आणि चुना पडतोय म्हणून शून्य येत होतं. दाहक चुन्यात आरएनएचा धागा टिकतोच कसला, तुकडे तुकडे होऊन जातो.

"का गं, काय झालं?" नानांनी विचारलं. "कमी पडतो का? अजून टाकू?"

"नाना!" उन्नती किंचाळली. "तुम्हाला तुमच्या नातवाची शप्पथ, हात लावायचा नाही त्या गोणीला!"

*

उपकेंद्रात डॉक्टर तडवींनी फोन लावून दिला आणि बोंडेमॅडमनी सगळं ऐकून घेतलं. हळदीच्या पट्टीचा फोटो बघून त्या चक्क हसल्या. पण मग म्हणाल्या, "हुशार आहेस. आता एवढंच सिद्ध झालं की यंत्राला दिसत नव्हतं. थेंब दिले होते, हे कुठे सिद्ध झालं?"

"चुना थांबला की दिसेल ना."

"तळाशी गोणीच्या गोणी चुना साठलाय. सोमवारपर्यंत धुऊन जाईल?"

नाही जाणार. मग उन्नतीच्या डोक्यात जे आलं ते मोठ्यानं बोलायला तिला स्वतःलाच कसंसं झालं. "मग गटारापर्यंत यायची वाट कशाला बघायची? जिथून निघतं तिथूनच घेऊ. बाळांची शी."

शेजारी बसलेले डॉक्टर तडवी चष्मा पुसत म्हणाले, "आयांची लेखी परवानगी घ्यायची. मी सोबत येईन."

नाकाड्याच्या पोटात तपासणीची अठ्ठेचाळीस काडतुसं शिल्लक होती, एका नमुन्याला एक कुपी. उन्नतीनं आठही गल्ल्यांतल्या बाळांच्या नावांच्या चिठ्ठ्या केल्या आणि प्रत्येक गल्लीतून पाच उचलल्या, मुद्दाम निवडली असं कुणी म्हणायला नको. मग शुक्रवार आणि शनिवार ती डब्या, हातमोजे आणि चिमटा घेऊन गावभर हिंडली. असली वरात केळझरीनं कधी पाहिली नव्हती.

"काय गं रत्नाताईची पोर, हे गोळा करून काय डिग्री मिळते?"

"डॉक्टरकी! पहिलं वर्ष हेच असतं!"

"मग आमच्या सासऱ्यांचं पण ने, चार दिवस झालं नाहीये!"

शेवटची गल्ली नाल्यापलीकडची. तिथली माणसं केळीच्या गाड्या भरायच्या कामावर जायची. तिथली पोरं इकडे खेळायला येत नसत. पहिलंच घर सुभद्राबाईंचं. साठीच्या, ठसठशीत कुंकवाच्या, गल्लीत त्यांचा शब्द चालायचा. गेल्या वर्षी भाद्रपदात त्यांची तीन वर्षांची नात परी तापानं गेली होती, इंजेक्शन घेतल्यावर चारच दिवसांनी. अंगणात दोरीवर एक इवलासा पिवळा फ्रॉक वाळत होता. घरात लहान मूल म्हणजे आता फक्त दीड वर्षाचा नातू, भैय्या.

डबी बघून सुभद्राबाई कसनुसं हसल्या. "शी पाहिजे ना? घे माय. ते काय, रोजच निघतं." मग उन्नतीच्या गालाला हात लावून म्हणाल्या, "तुझी आई लई भली बाई आहे. तिला काही होऊ देऊ नको."

भैय्याच्या करंगळीच्या नखाच्या मुळाशी पुसट निळी रेघ अजून होती.

*

रविवारी दुपारी तीनला निकाल हातात आला. उन्नतीनं वहीत गल्लीवार रकाने आखले होते. पहिली गल्ली, पाचांपैकी चार बाळांत खूण सापडली. दुसरी, पाच. तिसरी, चार. सात गल्ल्यांची पस्तीस बाळं, त्यांपैकी एकोणतीस. थेंब घेतलेल्या प्रत्येक बाळात विषाणू तग धरतोच असं नाही. दहांत आठ म्हणजे अगदी नेमकं. ती जागच्या जागी नाचली. आईनं थेंब दिले होते! जिंकली!

मग आठवी गल्ली. शून्य, शून्य, शून्य, शून्य, शून्य.

योगायोग असेल. तिनं डॉक्टरांना फोन केला, दोघं पुन्हा नाल्यापलीकडे गेले आणि त्या गल्लीतल्या उरलेल्या सहाही बाळांचे नमुने आणले. सहाही शून्य. अकरापैकी अकरा.

उन्नतीनं वहीच्या कोपऱ्यात हिशेब मांडला. एका बाळात न सापडण्याची शक्यता दहांत दोन. सलग अकरांत न सापडण्याची? दहा कोटींत दोन.

डॉक्टरांनी तो आकडा बघितला आणि वही तिच्या हातात परत दिली. म्हणाले, "तुझी वही आहे. काय करायचं ते तू ठरव. मी उद्या सकाळपर्यंत विचारणार नाही."

घरी आई तांदूळ निवडत होती. उन्नतीनं वही तिच्यापुढे ठेवली. आईनं रकाने बघितले. शेवटच्या रकान्यावर बोट ठेवलं आणि तसंच राहू दिलं.

"दोरीवर परीचा फ्रॉक होता," ती म्हणाली. "वर्ष झालं. अजून धुतात, वाळत घालतात. मी दारात उभी आणि थेंब द्या म्हणायला माझं तोंडच उघडेना. मावशींनीच भैय्याची करंगळी पुढे केली. म्हणाल्या, रंगव माय, तुझं बी काम होऊ दे, आमचं बी. एका दारी केलं, मग पुढच्या दारीही तेच झालं. अकरा करंगळ्या."

"आणि मला म्हणालीस, दिले की."

"दोनशे एक दिले, उन्नती! उन्हात, एकटीनं!" आईचा आवाज चढला आणि लगेच खाली आला. "पस्तीसच दाखव उद्या. गल्ल्या सात होत्या म्हण. माझी सतरा वर्षं आहेत गं यात."

आई असं काही बोलेल, असं उन्नतीला वाटलं नव्हतं. वही मिटली की झालं. आई सुटली, गाव शांत झालं, दुसरी फेरी सुरळीत. किती सोपं!

"दोनशे बारातले अकरा म्हणजे काहीच नाही ना?" ती हळूहळू बोलायला लागली. "गावभर विखुरलेले असते तर खरंच काही नव्हतं. पण ते एकाच गल्लीत आहेत, आई. शेजारी शेजारी. गावाची सरासरी छान दिसते आणि त्या गल्लीत थेंब घेतलेलं एक पोर नाही. तो दातवाला आला तर बरोब्बर तिथेच घर करेल. भैय्याच्या पोटात." तिनं आवाज खाली येऊ दिला नाही. "मी सेहेचाळीस दाखवणार. तुझ्या मागून नाही, म्हणून आधी तुला सांगतेय. दार वाजवताना आवाज मोठा ठेवायचा, दबला की लोकांना वाटतं काहीतरी लपवतेय, हे मला कुणी शिकवलं?"

आई तांदूळ पुन्हा पुन्हा निवडत राहिली. ताटात आता खडे उरले नव्हते, तरीही.

*

सोमवारी उपकेंद्रात बोंडेमॅडम, डॉक्टर, सरपंच आणि भिंतीला चिकटून कमळाकरनाना. उन्नती वही उघडून उभी राहिली. तिनं तोंड उघडलं, तेवढ्यात मागून खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"पोरीनं सांगायच्या आधी मी सांगते," आई म्हणाली. "दोनशे एक बाळांना थेंब दिले. अकरांना दिले नाहीत, नुसती शाई लावली. नाल्यापलीकडची गल्ली. चूक त्यांची नाही, माझी आहे."

बोंडेमॅडमनी वही मागून घेतली, रकाना रकाना वाचला.

"हे लिहून द्यावं लागेल, ताई."

"देते."

"सहा महिने लसीला हात लावता येणार नाही."

"बरं."

मग बोंडेमॅडम नानांकडे वळल्या. "आणि गटारात चुना टाकायला कुणी सांगितलं होतं?"

नाना भिंतीत आणखी शिरले. "तुमच्याच हापिसातून फोन येतो, मॅडम. म्हणतात, मॅडम येणार आहेत, गाव स्वच्छ दिसू द्या."

सरपंचांना ठसका लागला. बोंडेमॅडमनी पाण्याचा ग्लास उचलला, पण प्यायल्या नाहीत. "त्या गल्लीत उद्या शेजारच्या ताई जातील," त्या एकदम कामाच्या आवाजात म्हणाल्या.

"दार उघडणार नाहीत ते," उन्नती म्हणाली. न विचारता. मोठ्यानं.

"थेंब मी देईन," डॉक्टर तडवी म्हणाले. "रत्नाताई फक्त दार वाजवतील. दार वाजवायला तर बंदी नाही ना?"

*

मंगळवारी सकाळी आईनं सुभद्राबाईंचं दार वाजवलं. हातात ना डबा, ना शाई.

"मावशी, त्या दिवशी मी खोटं काम केलं."

"तू कुठं? मीच करायला लावलं."

"तुमच्या मनात काय होतं ते मी विचारायला पाहिजे होतं. विचारलं नाही. करंगळी रंगवून निघून गेले."

डॉक्टर अंगणात मांडी घालून बसले आणि त्यांनी खिशातून एक कागद काढला. परीच्या रक्ताचा अहवाल. इंग्रजीतला, तालुक्याच्या दवाखान्याचा शिक्का असलेला. एकेक ओळ मराठीत सांगत त्यांनी तो वाचला. परीला डेंग्यू झाला होता. डास चावला तो इंजेक्शनच्या आधीच.

सुभद्राबाई कागदाकडे बघत राहिल्या. "हा कागद वर्षभर कुठं होता?"

"कपाटात."

"कुणाच्या?"

"आमच्या," डॉक्टर म्हणाले. चष्मा काढला, पण पुसला नाही. "कुणीतरी येऊन वाचून दाखवायला हवा होता."

सुभद्राबाईंनी कागद हातात घेऊन विचारलं, "अन् ह्या थेंबांनी काहीच होत नाही, असं लिहून देता?"

उन्नतीला वाटलं, आता हो म्हणा, पटकन हो म्हणा!

"नाही देत," डॉक्टर म्हणाले. "कोणत्याच औषधाचं तसं लिहून देता येत नाही. जुन्या थेंबांनी कित्येक लाख बाळांत एखाद्याला खरोखर लकवा झालाय. म्हणून नव्यांना कुलपं लावली. यांच्यानं तसं झाल्याचं अजून आढळलेलं नाही, पण लक्ष ठेवावंच लागतं. त्यासाठीच तर ते नाकाडं बसवलंय. मला एवढंच माहीत आहे, की वरच्या शहरात सापडलेला विषाणू इथे आला, तर तुमच्या गल्लीत त्याला अडवणारं कुणी नाही."

सुभद्राबाई उठल्या. दोरीवरचा पिवळा फ्रॉक काढून त्यांनी घडी घातली, आत नेऊन ठेवला आणि भैय्याला कडेवर घेऊन बाहेर आल्या. "आधी माझ्या घरातलं. मग बाकीचे बघतील."

दोन थेंब. भैय्यानं तोंड वाकडं केलं, डॉक्टरांच्या चष्म्याला हात घातला. सुभद्राबाईंनी त्याची करंगळी पुढे केली आणि आईकडे बघून म्हणाल्या, "आता रंगव."

"मला बंदी आहे, मावशी."

"मग पोरीला रंगवू दे."

उन्नतीनं शाई लावली. भैय्यानं हात ओढला आणि निम्मं बोट निळं झालं. त्या दिवशी नऊ बाळांचे थेंब झाले. उरलेल्या दोघांचा बाप केळीची गाडी घेऊन बाहेरगावी गेला होता; तो गुरुवारी परतला आणि त्यानं खोदून खोदून अर्धा तास प्रश्न विचारले, मग दोघांनाही पुढे केलं.

*

दुसऱ्या फेरीच्या आदल्या दिवशी, शनिवारी, सुभद्राबाई स्वतः शाळेमागे आल्या. पदराखालून डबी काढली. "घे माय. ताजं आहे."

दोन काडतुसं उरली होती. उन्नतीनं एक आत सरकवलं. चाळीस मिनिटं लागणार होती. आई आणि सुभद्राबाई गटाराच्या कठड्याशी नाकाला पदर लावून उभ्या राहिल्या. गेल्या सोळा दिवसांत गटारात चुन्याची चिमूट पडली नव्हती. मधल्या अवकाळी सरीनं तळ धुऊन काढला होता, आणि वास असा सुटला होता की शाळेच्या खिडक्या बंद होत्या.

तेवढ्यात चाकांचा करकर आवाज आला. कमळाकरनाना, हातगाडी, गाडीवर तीन गोणी.

"सरक पोरी. फेरी बघायला मोठे साहेब येताहेत, मुंबईचे. फाट्यावर पोचले. हा असा नरक त्यांना दाखवू का मी? माझी नोकरी जाईल!"

उन्नती गाडीपाशी गेली आणि सरळ गोण्यांवर चढून मांडी ठोकून बसली.

"उतर!"

"नाही उतरणार."

"रत्नाताई, सांगा हिला काहीतरी!"

आईनं पदर नाकावरून खाली घेतला. "नाना, मला बंदी आहे. मी काही बोलू शकत नाही," ती म्हणाली, आणि हातगाडीच्या चाकापुढे एक भलामोठा दगड आणून ठेवला.

नाकाड्यानं शीळ घातली. उन्नतीनं गोण्यांवरूनच मान लांब करून पडदा वाचला. वरच्या ओळीत सकाळचं गटार होतं. मिरचीचा विषाणू: भरपूर. लसीची खूण: आढळली. खालच्या ओळीत भैय्याची डबी.

"काय म्हणतो गं मेला?" सुभद्राबाईंनी विचारलं.

"आहे!" उन्नती ओरडली. "तुमच्या भैय्याच्यात आहे, आजी! गटारातही आहे!"

रस्त्याच्या वळणावर साहेबांच्या गाडीचा हॉर्न वाजला. नानांनी कपाळावर हात मारून घेतला. "अगं, निदान कडेनं एक रेघ तरी मारू दे. आले ना ते! सगळी घाण दिसतेय!"

"दिसू द्या, नाना," उन्नती म्हणाली, आणि गोणीवर आणखी ऐसपैस बसली.